रानातील शाळा आणि बिथरलेली मुले

(हीरकमहोत्सवी पालक–माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



हीरकमहोत्सव म्हटला की यशाची उजळणी ओघानेच येते. गुणवत्ता यादीत झळकलेली नावे, देशोदेशी गेलेले विद्यार्थी, जिंकलेल्या ढाली, उभ्या राहिलेल्या इमारती, या सर्वांचा उल्लेख आजच्या दिवशी व्हायलाच हवा. परंतु साठ वर्षे चाललेल्या कोणत्याही शाळेच्या हजेरीपटांत आणखी एका प्रकारची नावे असतात. वर्षाच्या मध्येच त्या नावापुढे तांबड्या शाईची रेघ ओढली जाते आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘दाखला दिला’ एवढे दोनच शब्द राहतात. ही नावे नापास झालेल्या मुलांची नसतात. नापास झालेला मुलगा पुन्हा त्याच वर्गात बसतो. ही नावे असतात ती वर्गाला, शिक्षकांना आणि पुष्कळदा स्वतःच्या आईवडिलांनाही नकोशा झालेल्या मुलांची. आजचे विवेचन अशा मुलांविषयी आणि त्यांच्यासाठी झालेल्या एका असामान्य प्रयोगाविषयी आहे.

हा मुलगा कसा असतो, हे पालकांना वेगळे सांगायला नको. तो मंदबुद्धी नसतो, कित्येकदा तर तो वर्गातील हुशार मुलांपैकी असतो. पण तो मारामारी करतो, खोटे बोलतो, वस्तू लांबवतो, घरातून पळून जातो. किंवा याच्या अगदी उलट, कोणाशीही न बोलता भिंतीकडे तोंड करून बसतो. त्याला समजावून झालेले असते, मारून झालेले असते, शिकवणी लावून झालेली असते, वसतिगृहात ठेवून झालेले असते, आणि नवसही बोलून झालेले असतात. प्रत्येक उपायानंतर त्याची एकच समजूत पक्की होत जाते, की जगातील सारी मोठी माणसे आपल्या विरुद्ध आहेत. एकदा ही समजूत घट्ट झाली की मायेचा शब्दही त्याला सापळा वाटतो. मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत खुर्चीवर बसून तासभर बोलायला सांगितले, तर तो एक तर गप्प राहतो किंवा समोरच्याला हवे ते बोलून मोकळा होतो.

अशा मुलांचे करायचे काय, या प्रश्नाला अमेरिकेतील टेक्सास राज्यात दुसऱ्या महायुद्धानंतर एक उत्तर शोधले गेले. डॅलस शहरात १९२० साली सेल्समनशिप क्लब नावाची व्यापारी मंडळींची एक संस्था स्थापन झाली होती. शहरातील गरीब मुलांसाठी ही मंडळी उन्हाळी शिबिरे भरवीत. मुलांना चार दिवस मोकळी हवा मिळावी, पोटभर जेवण मिळावे, एवढाच त्यामागचा हेतू. १९४६ साली या शिबिराची सूत्रे कॅम्बेल लॉमिलर यांच्या हाती आली आणि शिबिराचे स्वरूप पालटले. उन्हाळ्यातील काही आठवड्यांनी अशा मुलांचे फारसे काही साधत नाही, हे ओळखून त्यांनी ते बारमाही केले आणि तेथे मुद्दाम अशाच मुलांना घेतले, ज्यांना शाळा ठेवून घ्यायला तयार नव्हती आणि घर सांभाळू शकत नव्हते. पूर्व टेक्सासमधील झाडीत ही मुले महिनोन्‌महिने, बहुधा वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ राहत. या अनुभवांवर लॉमिलर यांनी लिहिलेले ‘वाइल्डरनेस रोड’ हे पुस्तक १९६५ साली टेक्सास विद्यापीठातील मानसिक आरोग्यविषयक हॉग प्रतिष्ठानाने प्रसिद्ध केले. पुढे अनेक राज्यांत अशी शिबिरे निघाली. फ्लोरिडात औषधविक्रीच्या व्यवसायातील उद्योजक जॅक एकर्ड यांनी १९६८ मध्ये सुरू केलेली शिबिरे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. प्रारंभी ही शिबिरे मुख्यतः मुलग्यांसाठी होती, मुलींची शिबिरे नंतर आली.

आता या रानातील शाळेचा दिवस कसा जाई ते पाहू. सुमारे दहा मुलांचा एक गट आणि त्यांच्याबरोबर रात्रंदिवस राहणारे दोन तरुण मार्गदर्शक, हा या व्यवस्थेचा पाया होता. गटाला तयार खोली दिली जात नसे. राहण्याचा निवारा मुलांनी स्वतः उभारायचा. त्यासाठी झाडांचे सरळ सोट निवडायचे, ते तोडून सोलायचे, दोरांनी बांधायचे, वर ताडपत्री ताणायची. सरपण आणायचे, चूल मांडायची, शौचासाठी खड्डे खणायचे, भोवतीचे पाणी निघून जाईल असा चर काढायचा, ही सारी कामे मुलांची. मार्गदर्शक बरोबरीने राबत, पण मुलांच्या वाट्याचे काम करून टाकीत नसत. आठवड्यातील काही जेवणे गटाने स्वतः रांधायची. काय करायचे, त्याला किती पीठ, किती बटाटे लागतील, किती खर्च येईल, याचा तक्ता आधी कागदावर मांडायचा. नेहमीच्या अर्थाने तेथे शाळेचा वर्ग नव्हता, घंटा नव्हती, गृहपाठ नव्हता. पण दहा जणांच्या आठवड्याच्या जेवणाचा हिशेब मांडणारा मुलगा त्रैराशिक शिकत होता, आणि सामान मागवण्याचे पत्र दुसऱ्यांदा नीट लिहिणारा मुलगा शुद्धलेखन शिकत होता. चुकलेल्या गणिताखाली तांबडी फुली पडत नसे. पीठ शनिवारीच संपे आणि रविवारी सगळ्यांना कळे की गुणाकार चुकला होता.

या पद्धतीचे मर्म मात्र निवाऱ्यात किंवा चुलीत नव्हते. ते होते ‘थांबण्या’त. गटात भांडण झाले, कोणी काम टाळले, कोणी कोणाचे काही लपवले, की हातातले काम तेथेच थांबायचे आणि सर्वांनी वर्तुळ करून बसायचे. असे थांबायला मार्गदर्शकच सांगे असे नाही, गटातील कोणीही मुलगा ते सांगू शके. प्रश्न सुटेपर्यंत कोणी उठायचे नाही, हा नियम होता. समजा, स्वयंपाक चाललेला आहे आणि एका मुलाने रागाच्या भरात पातेले लाथाडले. नेहमीच्या शाळेत काय होईल? त्याला बाहेर काढले जाईल, चिठ्ठी घरी जाईल आणि उरलेला वर्ग पुढचा धडा वाचू लागेल. येथे चूल विझू दिली जाई आणि दहाही जण बसत. पातेले का लाथाडले? कोणी काही बोलले होते का? बोलणाऱ्याने ते का बोलावे? हा प्रसंग कालही घडला होता का? पहिली दहा मिनिटे सगळे एकमेकांवर ढकलत. मग भूक लागे. जेवण लांबू लागले की उडवाउडवीचा कंटाळा येई आणि कोणीतरी खरे बोले. बहुधा असे निघे, की पातेले हे निमित्त होते. घरून पत्र आले नव्हते, किंवा आले होते आणि त्यात काही दुखावणारे होते. ज्या मुलाला प्रौढांचा शब्द पोचत नाही, त्याला बरोबरीच्या मुलाचा शब्द पोचतो. ‘तुला राग आला की तू असेच करतोस, आणि मग आम्हाला उपाशी राहावे लागते,’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून आले तर तो उपदेश ठरतो. शेजारी झोपणाऱ्या सोबत्याच्या तोंडून आले तर ते नाकारता येत नाही. रात्री शेकोटीभोवती पुन्हा सर्व जण बसत आणि दिवस कसा गेला, काय साधले, काय राहिले, याचा आढावा घेतला जाई.

असे थांबणे खर्चिक आहे, हे कोणीही शिक्षक सांगेल. पंचेचाळीस मिनिटांची तासिका आणि पन्नास मुलांचा वर्ग यांत ते बसत नाही. लॉमिलर यांच्या शिबिरात कधी अर्धा दिवस एका भांडणात जाई. पण त्यांची धारणा अशी, की हे भांडण सोडवणे हेच त्या दिवसाचे काम आहे. तंबू बांधणे हे त्याचे निमित्त.

रानच का, असा प्रश्न साहजिक आहे. हे सारे शहरातील एखाद्या वसतिगृहात का करू नये? याचे उत्तर त्या मुलाच्या मनात दडलेले आहे. प्रत्येक नियमामागे त्याला एक शत्रू दिसतो. ‘वेळेवर ये’ असे शिक्षक म्हणतात ते आपल्याला त्रास द्यायला, ‘खोली आवर’ असे आई म्हणते ती आपल्याला कमी लेखायला, असे त्याला वाटते. पाऊस मात्र कोणाचा द्वेष करीत नाही. ताडपत्रीची गाठ सैल राहिली तर पाणी गळते, अंथरूण भिजते आणि रात्र जागून काढावी लागते. यात कोणाचा पक्षपात नाही, कोणाचे टोमणे नाहीत, आणि वाद घालायला समोर कोणी नाही. चुकीची फळे लगेच मिळतात आणि चुकीच्या मानानेच मिळतात. दुसऱ्या दिवशी गाठ घट्ट बांधली की अंथरूण कोरडे राहते, आणि हे यश कोणी दान दिलेले नसते. ज्याला आयुष्यभर ‘तुझ्याने काही होणार नाही’ हे ऐकावे लागले, त्याच्या हाताने उभ्या केलेल्या छपराखाली दहा जण कोरडे झोपतात, हा अनुभव कोणत्याही कौतुकाच्या शब्दापेक्षा खोल जातो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. त्या गळक्या छपराखाली मार्गदर्शकही भिजत असे. तो इमारतीतून छत्री घेऊन पाहणी करायला आलेला नसे. मुलगा चिडला, शिव्या देऊ लागला, रानात पळाला, तरी तो त्याच्या मागोमाग जाई आणि परत त्याच्याच शेजारी झोपे. एकेका गटाबरोबर माणसे पुरेशी असावीत आणि ती टिकावीत यावर या पद्धतीचा सारा भार आहे. रान नुसते असून काही होत नाही. रानात कोणाबरोबर राहायचे, यावर सगळे अवलंबून आहे.

गट स्थिरावला की त्याला मोठे प्रवास आखता येत. कनू नावाच्या अरुंद, वल्हवण्याच्या होड्यांतून नदीमार्गे कित्येक आठवड्यांचा प्रवास, हे मुलांचे मोठे स्वप्न असे. परंतु ते स्वप्न मागून मिळत नसे. नकाशे पाहायचे, अंतरे मोजायची, दररोज किती वल्हवता येईल ते ठरवायचे, शिधा मोजायचा, लागणाऱ्या परवानग्यांची पत्रे लिहायची, पोहण्याचा आणि होडी उलटल्यास काय करायचे याचा सराव करायचा, यात पुष्कळ दिवस जात. उद्याचा विचार न करणाऱ्या मुलाला तीन महिन्यांनंतरच्या दिवसाची वाट पाहायला शिकवण्याचे याहून चांगले साधन सापडणे कठीण. शिवाय होडीत दोघे असतात. पुढचा रुसून वल्हे टाकून बसला तर मागचा एकटा होडी नेऊ शकत नाही. आळंदीहून पंढरपुरापर्यंत दिंडीबरोबर चाललेल्यांना हे सांगण्याची गरज नाही, की वाट एक असली आणि मुक्काम एक असला की पायांबरोबर स्वभावालाही वळण लागते.

या विचाराची मुळे युरोपात आणखी मागे जातात. ऑगस्ट आयशहॉर्न हे व्हिएन्नातील शाळाशिक्षक. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील ओबरहोलाब्रून येथे निर्वासितांच्या छावणीच्या रिकाम्या बराकींत त्यांनी बिघडलेल्या मुलांसाठी गृह चालवले. तेथे सर्वांत दांडग्या अशा बारा मुलांचा एक गट वेगळा ठेवण्यात आला होता. त्यांना शिक्षा करायची नाही, असे आयशहॉर्न यांनी सहकाऱ्यांना बजावले. मुलांनी काचा फोडल्या, दारे मोडली, सामानाची नासधूस केली. मार मिळेल या अपेक्षेने ती अधिकाधिक हिंसक होत गेली आणि मार मिळतच नाही हे पाहून एक दिवस त्यांचा धीर सुटला. संतापाची जागा रडण्याने घेतली आणि मग हळूहळू त्यांचा मोठ्यांवर विश्वास बसू लागला. १९२५ मध्ये आयशहॉर्न यांनी हा अनुभव पुस्तकरूपाने मांडला, त्याला सिग्मंड फ्रॉइड यांची प्रस्तावना आहे. आयशहॉर्न यांच्या परंपरेत तयार झालेले फ्रिट्झ रेड्ल पुढे अमेरिकेत गेले. त्यांनी डेट्रॉइट शहरात १९४६ मध्ये अशाच मुलांसाठी ‘पायोनियर हाउस’ नावाचे घर काढले. ते पैशांअभावी दोन वर्षांच्या आतच बंद पडले, पण त्यातून डेव्हिड वाइनमन यांच्यासह लिहिलेले ‘चिल्ड्रन हू हेट’ हे १९५१चे पुस्तक आजही शिक्षकांनी वाचावे असे आहे. रेड्ल यांचा एक आग्रह विशेष लक्षणीय आहे. मुलाशी बोलायची खरी वेळ म्हणजे घटना घडते ती वेळ, आणि बोलायची खरी जागा म्हणजे ती घडते ती जागा. पंधरा दिवसांनी टेबलापलीकडे बसून त्याच घटनेची चौकशी केली तर हाती फक्त तक्रारी लागतात.

तिसरे नाव कुर्ट हान यांचे. नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या या शिक्षणतज्ज्ञाने १९३४ मध्ये स्कॉटलंडात गॉर्डनस्टन शाळा काढली आणि १९४१ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरडोवी येथे जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांच्या साहाय्याने ‘आउटवर्ड बाउंड’ हा उपक्रम सुरू केला. युद्धात जहाजे बुडत तेव्हा होड्यांत सापडलेले तरुण खलाशी धीर सोडत आणि वयस्क खलाशी तग धरत, हे होल्ट यांच्या ध्यानात आले होते. तरुणांना संकटात टिकून राहण्याचा, दुसऱ्याला टिकवण्याचा सराव हवा, या विचारातून समुद्र आणि डोंगर यांच्यातील सुमारे महिनाभराचे हे प्रशिक्षण आकाराला आले. मूळ हेतू उपचाराचा नव्हता, पण पुढे गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांसाठीही त्याचा उपयोग करून पाहण्यात आला.

उपयोग झाला का? पालकांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि त्याचे उत्तर भाबडेपणाने देता कामा नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९६०च्या दशकात केली आणि बेअर या अभ्यासकांनी आउटवर्ड बाउंडला पाठवलेल्या अपराधी मुलग्यांची तुलना सुधारगृहाच्या नेहमीच्या वाटेने गेलेल्या मुलग्यांशी केली. साधारण वर्षभरानंतर पहिल्या गटातील सुमारे २० टक्के, तर दुसऱ्या गटातील सुमारे ४२ टक्के मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळलेली आढळली. आकडा मोठा उमेद वाढवणारा होता, पण पुढील वर्षांत हे अंतर कमी होत गेले. २००० साली विल्सन आणि लिप्सी यांनी अशा २८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात पुन्हा अपराध करणाऱ्यांचे प्रमाण शिबिरात गेलेल्यांत २९ टक्के आणि न गेलेल्यांत ३७ टक्के दिसले. म्हणजे लाभ आहे, पण जादू नाही. त्याच आढाव्यात असेही दिसले, की ज्या शिबिरांत अंगमेहनतीबरोबर समुपदेशन, कुटुंबाशी संवाद अशी जोड होती, त्यांचा परिणाम अधिक चांगला होता.

परिणाम ओसरतो का, याचे कारण शोधायला दूर जायला नको. मुलगा बदलून येतो आणि घर तेच असते. तेच वडील तोच टोमणा त्याच स्वरात मारतात. म्हणूनच चांगल्या शिबिरांनी मुलांना अधूनमधून घरी पाठवण्याची आणि पालकांशी सतत बोलत राहण्याची प्रथा ठेवली. घरी गेलेल्या मुलाला काय जमले, काय बिनसले, हे परतल्यावर गटात बोलले जाई. पालकांनीही त्या काळात काही शिकायचे असे. मुलगा दुरुस्तीला टाकून द्यायचा आणि तयार झाल्यावर घेऊन जायचा, अशी ही व्यवस्था नव्हती.

या चळवळीची काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आज जाहिरातींच्या युगात ती अधिक महत्त्वाची आहे. गेल्या काही दशकांत अमेरिकेत ‘रान-उपचार’ हा मोठा व्यवसाय झाला. हताश पालकांकडून भरमसाट शुल्क घेणारी, अप्रशिक्षित तरुणांच्या हाती मुले सोपवणारी, उपासमार आणि अपमान यांनाच शिस्त समजणारी शिबिरे निघाली. मध्यरात्री अनोळखी माणसांकरवी मुलाला अंथरुणातून उठवून नेण्याचाही प्रघात पडला. १९९०च्या दशकात काही मुले तहान, उष्णता आणि दुर्लक्षित आजार यांनी दगावली. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा संस्थांतील छळाच्या तक्रारींचा अहवाल दिला आणि त्यात १० मृत्यूंची सविस्तर छाननी केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका शिबिरात दाखल झालेला बारा वर्षांचा मुलगा पहिल्याच रात्रीनंतर मृतावस्थेत आढळला आणि पुढे त्या शिबिराचा परवाना रद्द झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरात संस्थांतील बालछळाला आळा घालण्यासाठी तेथे एक केंद्रीय कायदाही संमत झाला. लष्करी थाटाच्या कवायत-शिबिरांविषयी तर संशोधनाचा कौल स्पष्ट आहे. नुसत्या दरडावणीने मुले सुधारत नाहीत.

तेव्हा चांगले शिबिर ओळखायचे कसे? पालकांनी काही साधे प्रश्न विचारावेत. मुलाला तेथे का पाठवले जात आहे, हे त्याला आधी सांगितले आहे का? त्याची संमती मिळवण्याचा प्रयत्न झाला आहे का? किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत आणि त्यांचे शिक्षण काय? डॉक्टर आणि प्रशिक्षित समुपदेशक उपलब्ध आहेत का? मुलगा घरी पत्र लिहू शकतो का, बोलू शकतो का, आणि ते कोणी वाचून अडवते का? अन्न, पाणी आणि झोप यांची कपात शिक्षा म्हणून केली जाते का? पालक न सांगता भेट देऊ शकतात का? यांपैकी एकाही प्रश्नाला अडखळत उत्तर मिळाले, तर जाहिरातीतील हिमशिखर कितीही देखणे असो, मुलाला तेथे पाठवू नये.

आपल्या देशात डोंगर आणि रान यांचा शिक्षणासाठी उपयोग करण्याची परंपरा आहे. स्काउट आणि राष्ट्रीय छात्रसेना यांची शिबिरे कित्येकांनी अनुभवली आहेत. एव्हरेस्टच्या यशानंतर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली आणि तेन्झिंग नोर्गे तेथे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था निघाली. परंतु या सर्व व्यवस्था निरोगी, उत्साही मुलांसाठी आहेत. बिथरलेला मुलगा तेथे बहुधा निवडलाच जात नाही. शाळेच्या सहलीतूनही ज्याचे नाव पहिल्यांदा वगळले जाते तो हाच असतो. ज्याला रानाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ‘तू आलास तर जबाबदारी कोण घेणार’ असे म्हणून घरी ठेवले जाते.

कायद्याने मात्र शाळेची जबाबदारी नेमकी सांगितली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १६ व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही, आणि १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. काढायचे नाही आणि मारायचे नाही, हे ठरले. मग करायचे काय, हे कायदा सांगत नाही. ते शाळा, पालक आणि समाज यांनी मिळून शोधायचे आहे. परप्रांतात मराठी शाळा टिकवणाऱ्यांना ही गोष्ट अधिक सहज उमजावी. मुले कमी, वर्ग लहान, आणि प्रत्येक घर शाळेला माहीत, ही जी या शाळांची अडचण म्हणून सांगितली जाते, तीच येथे सोय ठरू शकते. दहा मुलांचा गट आणि दोन टिकाऊ माणसे एवढेच टेक्सासच्या त्या रानातही होते.

शाळा टेक्सासचे रान आणू शकत नाही, आणि आणण्याची गरजही नाही. पण त्यातील तत्त्वे आणता येतात. पहिले, भांडण झाल्यावर मुलाला बाहेर काढण्याआधी संबंधितांना एकत्र बसवायचे, त्याच दिवशी आणि प्रश्न सुटेपर्यंत. त्यासाठी एखादी तासिका गेली तर ती वाया गेली असे मानायचे नाही. दुसरे, हाताला खरे काम द्यायचे. बाग, सुतारकाम, स्नेहसंमेलनाचा मांडव, सहलीचा स्वयंपाक अशी ज्याचे फळ दिसते आणि जे बिघडले तर सर्वांना जाणवते, ती कामे सर्वांत आधी या मुलांच्या हाती सोपवायची. तिसरे, सहलीच्या यादीत त्याचे नाव आवर्जून घ्यायचे आणि त्याच्यासाठी एक प्रौढ जादा न्यायचा. चौथे, गंभीर दुखणे ओळखून वेळीच तज्ज्ञाकडे पाठवायचे. अतिदुःख, आत्महानीचे विचार, व्यसन यांवर मोकळी हवा हा उपाय नव्हे, तेथे वैद्यकीय उपचारच हवेत.

पालकांचा वाटा याहून अवघड आहे. घरात मुलाच्या हाती एक तरी काम असे असावे, ज्यावर इतरांचे काहीतरी अवलंबून आहे आणि जे तो विसरला तर आई गुपचूप करून टाकणार नाही. आठवड्यातून एक जेवण त्याने रांधावे आणि करपले तर सर्वांनी तेच, न हसता आणि न सुनावता, खावे. भांडण झाले तर आधी सर्वांनी थांबावे. मोबाइल बाजूला ठेवून, उत्तरे तयार न ठेवता, वडिलांनी ऐकावे. बहुतेक घरांत वडिलांनाच हे पहिल्यांदा शिकावे लागते.

आणि माजी विद्यार्थी? हीरकमहोत्सवी निधीला त्यांनी मोठ्या मनाने हातभार लावला आहे. परंतु या कामासाठी शाळेला पैशांपेक्षा वेळ हवा आहे. त्यांच्यात गिर्यारोहक आहेत, डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत, सुतारकामाची हौस असलेले निवृत्त अभियंते आहेत. वर्षातून दोन वेळा आठ-दहा मुलांबरोबर चार दिवस तंबूत राहण्याची आणि नंतर त्याच मुलांना महिन्यातून एकदा भेटत राहण्याची तयारी असलेली सहा माणसे मिळाली, तरी एक सुरुवात होईल. मात्र एकदा येऊन छायाचित्र काढून जाणाऱ्यांनी येऊ नये. या मुलांना सोडून जाणाऱ्या माणसांचा अनुभव पुरेसा आहे. जो येईल त्याने किमान तीन वर्षांचा शब्द द्यावा आणि तो पाळावा.

लॉमिलर यांनी आपल्या उत्तरायुष्यात पत्नी लिन यांच्यासह टेक्सासच्या रानफुलांवर एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले, ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपेक्षित मुलांबरोबर वर्षानुवर्षे रानात राहिलेल्या माणसाने रस्त्याकडेच्या, कोणी न लावलेल्या फुलांची नावे, बहराचे महिने आणि पाकळ्यांची संख्या निगुतीने टिपून ठेवली, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. दोन्ही कामांना एकच सवय लागते. जे समोर आहे ते नीट पाहायचे, आणि त्याचा हंगाम येईपर्यंत वाट पाहायची.

या उपक्रमात नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांसाठी कार्यालयात एक वही ठेवलेली आहे. तीत आकड्यांचा रकाना नाही. नाव, काय शिकवता येईल आणि कोणते दिवस देता येतील, एवढेच लिहायचे आहे.